लंगोट सांगेल ते खरं

बाळंतिणीला बघायला आलेल्या बायका अंगडं-टोपडं हातात ठेवतात, बाळाचं नाक कुणावर गेलंय याचा निकाल लावतात आणि मग हमखास विचारतात, “दूध पुरतंय ना गं?” विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण टाके दुखत असलेल्या, तीन रात्री धड न झोपलेल्या पोरीला तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. तोवर मनात शंका नसली तरी त्या घडीपासून ती शिरते. मग बाळ जरा कुरकुरलं तरी तिला वाटतं, माझंच कमी पडतंय.

माझ्या भाचीच्या बाळंतपणात हे मी जवळून पाहिलं. सिझेरियन झालं होतं. दुसऱ्या रात्री बाळ अंगावर घेतलं की दहा मिनिटं ओढायचं, सुटायचं, पुन्हा रडायचं. खोलीतल्या आम्ही तिघी-चौघींनी निदान करून टाकलं, अजून दूध उतरलं नाही, उपाशी आहे बिचारं. एक मावशी तरातरा खाली गेली आणि औषधाच्या दुकानातून पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आली. ती मावशी म्हणजे मी. तीस मिली दूध पिऊन बाळ गाढ झोपलं. सगळ्यांना हायसं वाटलं. “बघ, भूकच होती!” असं मी वर म्हणालेही. ते वाक्य भाचीला कुठे जाऊन लागलं हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

त्या रात्री खरं काय चाललं होतं? बाळ जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. पहिल्या चोवीस तासांत मिळून साधारण तीस मिली, म्हणजे एका वेळेला जेमतेम चमचाभर. नव्या बाळाला तेवढंच लागतं. गाईचा चीक मिळाला तर आपण वेलची-जायफळ घालून खरवस करतो आणि शेजारी वाटीभर पाठवतो. बाईचा चीक मात्र ‘कच्चं दूध’, ‘जड दूध’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पिळून टाकला गेला आणि त्याच्या जागी बाळाच्या तोंडात मध, साखरपाणी, गुटी गेली. (मध तर वर्षभराच्या आतल्या बाळाला चाटवूच नये. त्यातून बोट्युलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो.) चीक म्हणजे रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेलं दूध, बाळाची पहिली लसच म्हणा ना.

भरपूर दूध येण्याची सुरुवात वार पडल्यावर होते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दुधाला लगाम घालून असतं. वार पडली की ते झपाट्याने उतरतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात छाती भरून येते. पहिलटकरीण, सिझेरियन, मधुमेह, बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव अशा कारणांनी याला एखाद-दुसरा दिवस उशीर होतो. त्या मधल्या रात्रींत बाळ सतत ओढत राहतं. बघणाऱ्याला ते उपाशी दिसतं. ते आईच्या शरीराला पुढची मागणी कळवत असतं. आम्ही त्या रात्री ती मागणी डब्याकडे वळवली.

अशा रात्री काही आमच्याच घरी होत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं निघाली ४१.८ टक्के. डॉक्टर, सिस्टर सगळे हाताशी असूनही निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास हुकतो.

दुधाबद्दल आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं चित्र आहे ते टाकीचं. टाकी भरली, बाळाने रिकामी केली, आता पुन्हा भरेपर्यंत थांबा. खरं चित्र विहिरीचं आहे. उपसा होत राहिला की झरे वाहते राहतात, उपसा थांबला की झरे आटतात. बाळ ओढतं तेव्हा त्या स्पर्शाचा निरोप आईच्या मेंदूत जातो आणि प्रोलॅक्टिन पाझरतं. दूध तयार करणारं संप्रेरक ते. रात्री त्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं वाया जात नाही. आणि छाती गच्च भरून तशीच राहिली की आतल्या ग्रंथी आपणहून काम मंद करतात. ‘थोडं साठू दे, मग पोटभर पाजू’ हा सल्ला म्हणूनच उलटा पडतो.

ऑस्ट्रेलियात पर्थला पीटर हार्टमन यांच्या गटाने हे नीट मोजून ठेवलं आहे. एक ते सहा महिन्यांची ७१ बाळं, सगळी फक्त अंगावर पिणारी आणि छान वाढणारी. दर वेळी पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन करायचं, असं चोवीस तास. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाळं दिवसाला सरासरी ७८८ ग्रॅम दूध पीत होती. मला जास्त मोलाची वाटली ती सरासरीच्या दोन्ही बाजूंची टोकं. एखादं बाळ ४४० ग्रॅमवर खूश, तर एखाद्याला १,२०० ग्रॅमच्या वर लागत होतं. दिवसातून कुणी सहा वेळा पीत होतं, कुणी सतरा-अठरा वेळा. आणि एका वेळी स्तनातलं सरासरी ६७ टक्केच दूध बाळ घेत होतं, बाकीचं तसंच राहत होतं. ‘माझ्या जावेचं बाळ तीन तास झोपतं, माझं तासाभरात उठतं’ ही तुलना त्यामुळे व्यर्थ आहे. जावेच्या छातीत एका वेळी साठा जास्त मावत असेल, हिच्या छातीत कमी. दिवसाची बेरीज दोघींची सारखीच निघू शकते. स्तनांचा आकारही इथे काही सांगत नाही, कारण तो बराचसा चरबीने ठरतो.

दूध तयार होणं ही अर्धीच गोष्ट. ते बाहेर यायला हवं. ते काम ऑक्सिटोसिनचं, ज्याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, पान्हा फुटणं. पान्हा मात्र मनाच्या तालावर चालतो. १९४८ साली अमेरिकेत मायकेल आणि नाइल्स न्यूटन या नवराबायकोने यावर जरा आचरटच वाटेल असा प्रयोग केला, आणि प्रयोगातली आई होत्या खुद्द नाइल्सबाई. पाजताना त्यांचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, पायाची बोटं दुखेपर्यंत ओढायची, गणितं घालायची आणि चुकलं की विजेचा सौम्य झटका द्यायचा! शांतपणे पाजलं त्या दिवसांत बाळाला एका वेळी सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळत होतं. या छळात ते ९९ वर आलं. छळ तसाच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर पुन्हा १५३. म्हणजे दूध कुठेही आटलं नव्हतं. आतच होतं, वाट अडली होती.

आपल्याकडे बर्फाचं पाणी लागत नाही. “आमच्या वेळी बाई धारा लागायच्या” एवढं वाक्य पुरतं. सुश्रुतसंहितेत अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेही दूध वाहतं असं म्हटलं आहे, आणि क्रोध, शोक, वात्सल्याचा अभाव ही दूध नाहीसं होण्याची कारणं दिली आहेत. संप्रेरकाचं नाव ठाऊक नसताना कुणीतरी बाळंतिणीकडे किती बारकाईने पाहिलं होतं याचं मला नवल वाटतं. त्यातलं एक आज जरा सुधारून सांगायला हवं. चिंतेने पान्हा अडतो, दूध लगेच नाहीसं होत नाही. ‘टेन्शन घेऊ नकोस, नाहीतर दूध आटेल’ असं बजावलं की तिला टेन्शन घेतल्याचं टेन्शन येतं.

मग दूध कमी आहे असं घरात कशावरून ठरतं? सगळ्यात आधी रडण्यावरून. बाळाला रडायला भूक हे एकच कारण असतं अशी आपली समजूत. संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळात तर पुष्कळ बाळं दर अर्ध्या तासाने अंगावर मागतात, मध्येच चिडतात, पुन्हा मागतात. पहिल्या दीड-दोन महिन्यांतलं हे नेहमीचं वागणं आहे. दुसरी खूण धरली जाते ती छाती मऊ पडल्याची. पहिल्या काही आठवड्यांत छाती दाटते, ब्लाउज भिजतो. पुढे शरीराला बाळाचा हिशेब कळला की दाटणं थांबतं. दूध तितकंच असतं, उतू जाणं बंद झालेलं असतं. तिसरी परीक्षा पंपाची. पंपाने वीस मिली निघालं म्हणजे बाळालाही तेवढंच मिळतं असं नाही. नीट धरलेलं बाळ यंत्रापेक्षा चांगलं दूध काढतं, आणि प्लास्टिकच्या नळीकडे बघून पान्हा तरी कसा फुटावा? आजेसासूबाई स्तन दाबून धार उडते का पाहतात ती जुन्या काळची पंप-परीक्षा. तिचाही निकाल तितकाच बिनभरवशाचा. ‘पाजल्यावर बाटली दिली तर तीही प्यायलं’ हा तर अगदी कोर्टात दाखल करावा असा पुरावा मानला जातो. पण लहान बाळाच्या तोंडात काही गेलं की ते ओढतं, आणि बाटलीतून दूध आपोआप येत राहतं. पोट भरलेलं बाळही चाळीस-पन्नास मिली सहज रिचवतं.

खरी साक्ष देतो लंगोट. वरून काही न देता बाळ दिवसाला किती लघवी करतं ते मोजा. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा असं वाढत पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, लघवी फिकट, उग्र वास नसलेली. शी आधी काळी चिकट, मग हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. आत काही जात असल्याशिवाय बाहेर येत नाही, इतकं साधं गणित आहे. हल्ली जन्मल्यापासून डायपर लावतात, त्यात चार वेळची लघवी एकत्र मुरते आणि साक्षीदारच गप्प होतो. पहिले पंधरा दिवस दिवसा तरी जुन्या धोतराचे, सुती साडीचे लंगोट वापरा. धुण्याचं काम वाढतं, मान्य. ते बाळंतिणीने करायचं नाही हेही त्यातच आलं.

दुसरा साक्षीदार वजनाचा काटा. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. सात टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची, दहा टक्के झाली की डॉक्टरांनी लक्ष घालायलाच हवं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यावं, आणि मग पहिले काही महिने दिवसाला साधारण पंचवीस-तीस ग्रॅमनी वाढावं. महिन्याला पाचशे ग्रॅमही भरत नसेल तर कुठेतरी कमी पडतंय. रोज काट्यावर ठेवू नका, वेड लागेल. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने.

आणि काही खुणा अशा की तिथे वाट बघायची नाही, थेट डॉक्टर गाठायचे. लघवी कमी आणि गडद, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा डाग, बाळ पाजायलाही उठत नाही इतकं सुस्त, कावीळ पायांपर्यंत उतरलेली, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे फार लवकर विकोपाला जातं. ‘गुणी बाळ आहे, रडतच नाही’ असं वाटणारं बाळ कधी कधी अंगात त्राण नसल्याने रडत नसतं.

भाचीकडे परत येते. दवाखान्यातून घरी येताना डबाही घरी आला. संध्याकाळी बाळ रडलं की तीस मिली, मग पन्नास, मग रात्रीही एकदा, म्हणजे आईला झोप मिळेल. हेतू किती चांगला! पण वरचं दूध प्यायलेलं बाळ तीन-चार तास झोपायचं. तेवढ्या वेळाचा उपसा बंद. छाती दाटून राहायची, शरीराला निरोप जायचा की गिऱ्हाईक कमी झालंय, माल कमी काढा. दुसऱ्या दिवशी दूध खरोखर थोडं कमी. बाळ जास्त रडायचं. मग वरचं आणखी वीस मिली. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला सहा बाटल्या झाल्या आणि एका दुपारी ती मला म्हणाली, “मावशी, तू त्या दिवशी म्हणालीस ते बरोबर होतं. माझ्याकडे दूधच नाही.” दूध होतं. आम्ही ते सगळ्यांनी मिळून घालवत आणलं होतं.

त्यातून तिला बाहेर काढलं एका स्तनपान सल्लागार बाईंनी. त्यांनी आल्या आल्या दुधाबद्दल काही विचारलंच नाही. “पाज बघू,” म्हणाल्या आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या. अर्धा तास नुसत्या बघत होत्या. मग बाळाला कसं धरायचं ते बदललं. बाळ पाठीवर आणि मान वळवून नको, पूर्ण कुशीवर हवं, पोटाला पोट लागलेलं. उजव्या बाजूला पाजताना बाळाला डाव्या हाताने मानेखाली आधार द्यायचा आणि उजव्या हाताने स्तन पकडायचा. बाळाने जांभई दिल्यासारखा मोठा आ केला की चटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकवायची. नुसतं बोंड तोंडात गेलं तर आईला दुखतं आणि बाळाला दूध मिळत नाही. भोवतीचा काळसर भाग, विशेषतः खालचा, आत जायला हवा. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं. दोन-चार झटपट ओढण्यांनंतर हळू, खोल ओढणं सुरू झालं आणि गिळण्याचा बारीक आवाज येऊ लागला की समजायचं, जमलं. बाळ नीट धरलेलं नसणं हे ‘दूध पुरत नाही’च्या तक्रारीमागचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण आहे, आणि एक पैसा न खर्चता दुरुस्त होणारं. आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियलचे या पकडीवरचे मराठी व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत. दिवस भरायच्या आधीच बघून ठेवा. रडत्या बाळासमोर व्हिडिओ लावून शिकता येत नाही.

बाईंनी डबा फेकून द्यायला सांगितलं नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. बाळ त्यावर अवलंबून होतं. एकदम बंद केलं असतं तर वजन कोसळलं असतं. आधी दोन्ही बाजूंना पाजायचं, दिवसात आठ ते बारा वेळा. बाळ पिता पिता पेंगलं की स्तन हलकेच दाबून धार वाढवायची. पाजून झाल्यावर हाताने दूध काढायचं आणि तेच वरून द्यायचं. त्यावरही लागलं तरच डब्यातलं, आणि तेही वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाटलीने नाही. दुपारभर बाळ लंगोटावर, आईच्या उघड्या छातीवर, वरून एक पांघरूण. दर तीन-चार दिवसांनी लंगोट मोजून, वजन बघून वरचं थोडं थोडं कमी. सव्वातीन आठवडे लागले. काही आयांना कमी लागतात, काहींचं वरचं दूध पूर्ण सुटत नाही. अर्धं आईचं, अर्धं वरचं असं चाललं तरी त्या अर्ध्याची किंमत उरतेच.

आता खाण्याकडे वळू, कारण मराठी घरात दूध कमी म्हटलं की पहिली धाव स्वयंपाकघरातच जाते. अळिवाचे लाडू, डिंकाचे, मेथीचे, खसखशीची खीर, शेपूची भाजी, बाळंतशेपा, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, शतावरी कल्प. यांतल्या कशाने दूध नक्की वाढतं असा भक्कम पुरावा विज्ञानाकडे नाही. जे अभ्यास झाले ते छोटे आणि परस्परांशी न जुळणारे. तरीही मी अळिवाच्या लाडवांच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने दिवसाला सुमारे सहाशे कॅलरी जास्त लागतात. खोबरं, गूळ, तूप, अळीव घातलेला लाडू ती भूक चांगली भागवतो, अळिवात लोहही आहे. शिवाय कुणीतरी आपल्यासाठी लाडू वळले ही भावना पान्ह्याला पोषकच. आक्षेप आहे तो खाण्यावरच्या बंदीला. डाळ नको, बाळाला वायू होईल. फळ नको, सर्दी होईल. पाणी कमी पी, पोट सुटेल. पाजायला बसलं की बाईला तहान लागतेच. शेजारी तांब्या भरलेला असावा आणि तिने तहानेइतकं प्यावं. तहान नसताना तांबेच्या तांबे रिचवल्याने मात्र दूध वाढत नाही. बाळाला सहा महिने वरचं पाणी नको, मे महिन्यातही नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं.

दूध वाढायच्या गोळ्या म्हणून डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड दिलं जातं. मुळात ती उलटीची औषधं. त्यांनी प्रोलॅक्टिन वाढतं हे खरं, पण एकाचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, दुसऱ्याने मन खिन्न होऊ शकतं. ओळखीच्या दुकानदाराकडून चिठ्ठीशिवाय आणायच्या त्या वस्तू नव्हेत. आणि उपसा नीट नसेल तर कोणतीच गोळी विहीर भरत नाही.

हे सगळं करूनही काही बायकांना दूध खरंच कमी असतं. हे लपवून ठेवणारे स्तनपानाचे प्रचारक मला ‘धारा लागायच्या’वाल्या आज्यांइतकेच निर्दय वाटतात. काहींच्या स्तनांत दुधाच्या ग्रंथीच पुरेशा वाढलेल्या नसतात. काहींची पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असते. थायरॉइड मंद असतो, पीसीओएस असतो, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लवकर सुरू केल्या तर दूध घटतं. सर्दीच्या काही गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिननेही घटतं. कधी कारण बाळाकडे असतं, अपुऱ्या दिवसांचं, अशक्त, जीभ खाली बांधलेली. म्हणून पकड सुधारूनही काटा हलत नसेल तर तपासण्या करायच्या, आणि बाळाला वरचं दूध द्यायचं. तिथे पावडरचं दूध हे औषध आहे, डब्यावरच्या प्रमाणात, उकळलेल्या पाण्यात. जास्त दिवस पुरावं म्हणून पातळ करायचं नाही. गाई-म्हशीच्या दुधात पाणी घालून देणं तर नकोच. ज्या आईला हे करावं लागतं तिने कुठलाही गुन्हा केलेला नसतो.

दुसरीचं दूध हा पर्यायही आपल्या जवळचाच आहे. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, अपुऱ्या दिवसांच्या नाजूक बाळांसाठी. स्तनपानाच्या बाजूने देशभर काम करणारं बीपीएनआय हे जाळंही १९९१ मध्ये वर्ध्यात उभं राहिलं. पुढच्याच वर्षी देशात कायदा झाला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची, खाद्याची, बाटल्यांची जाहिरात आपल्याकडे बेकायदा आहे. त्या डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नसतं ते यामुळेच. पण कायदा जाहिरात थांबवतो, मावशीला नाही.

नोकरी करणाऱ्या आईची चिंता वेगळी. रजा संपायच्या आधी महिनाभर तिला वाटायला लागतं, आता दूध जाणार. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळण्याचा हक्कही कायद्यात आहे. पण शेतमजूर बाईला, धुण्याभांड्याला जाणाऱ्या ताईला यातलं काय मिळतं? एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले हे चांगलं झालं. नाव तर अगदी चपखल. रायगडाचे दरवाजे मिटल्यावर कोजागिरीच्या रात्री कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या गवळणीची ती कथा आपण धाडसाची म्हणून सांगतो. पाजणाऱ्या बाईला त्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते: संध्याकाळ झाली, छाती दाटली आणि बाळ खाली आहे. कामावर दर तीन तासांनी दूध काढायला पाच फूट बाय पाच फूट जागा आणि कडी लागणारं दार मिळालं तर दूध टिकतं. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. बाहेर चार तास म्हणतात, पण ते पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत; आपल्या उन्हाळ्यात ते थेट फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीतच ठेवावं.

नवरेमंडळींना आपण या सगळ्यात फार सहज सुटू देतो. पाजणं सोडून बाळाचं दुसरं सगळं काम बापाला येतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रात्री बाळ उचलून आईच्या कुशीत देणं, पाठीशी उशी सरकवणं, दाराशी उभं राहून पाहुण्यांना “झोपलीय” म्हणून परत पाठवणं. भाचीच्या नवऱ्याने लंगोटांचा तक्ता केला होता, फ्रिजवर चिकटवलेला. रात्री दोन वाजता ती रडकुंडीला आली की तो तक्त्यावर बोट ठेवून म्हणायचा, “आज सात झालेत.” त्या सातचा तिला मेथीच्या लाडवांपेक्षा जास्त उपयोग झाला असं तीच सांगते.

आणि तिला सतत रडू येत असेल, काहीच नको वाटत असेल, बाळाकडेही बघवत नसेल, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो दुधाचा प्रश्न राहिलेला नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध आहे आणि पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं डॉक्टर देतात.

येत्या आठवड्यात तुम्ही कुणा बाळंतिणीला बघायला जाणार असाल तर एवढं करा. दूध पुरतंय का, हे विचारू नका. वरणभात, भाजी, दोन लाडू असा डबा न्या. अर्ध्या तासाच्या वर थांबू नका. आणि निघण्याआधी दोरीवरचे वाळलेले लंगोट काढून घड्या घालून ठेवा. घालता घालता मोजा. सहा किंवा जास्त भरले तर आकडा तिला मोठ्याने सांगा.